लंडनमध्ये बौद्ध म्हणून इतर धर्मीयांसोबत : तुमचे अनुभव लिहा

मंडळी, जय भीम, नमस्कार.

दर नोव्हेंबरात इथे आंतरधर्मीय सप्ताह असतो. चर्चच्या हॉलमध्ये सात-आठ धर्मांची माणसं ओळीने बसतात. त्यातल्या बौद्धांच्या खुर्चीवर बहुतेक वेळा श्रीलंकेचे नाहीतर थायलंडचे भंते असतात, किंवा ध्यानाची गोडी लागलेले इंग्रज उपासक. महाराष्ट्रातून आलेले आपण तिथे पोचलो की काय होतं, ते वाचायचं आहे. सत्कार, मेणबत्त्या आणि ग्रुप फोटो सोडून काहीही लिहा. बौद्ध नसलात तरी चालेल. माणसं, शाळा, हॉस्पिटलं ओळखू येतील असं मात्र नको.

हॅरो, नर्स

रात्रपाळी होती. वॉर्डात एक सिंहली आजोबा अगदी शेवटच्या घटका मोजत होते, मुलगा कॅनडात. ड्यूटीवरच्या चॅप्लेन, म्हणजे हॉस्पिटलातल्या धर्मसेविका, बाई अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या). बौद्ध चॅप्लेन यादीत होते, पण त्यांना पोचायला सकाळ झाली असती. वैशाख पौर्णिमेची सुट्टी मी दरवर्षी भांडून घेते हे सगळ्यांना माहीत, त्यामुळे बाई थेट माझ्याकडे आल्या.

हात धुतले, एप्रन काढला आणि त्रिशरण-पंचशील म्हणायला लागले. चाल आमची नागपूरची, इंदोऱ्याच्या विहारातली, दमदार आणि जरा पळती. मुलगा फोनवर होता, तोही म्हणायला लागला, पण त्यांच्या चालीत, शेवटचा स्वर लांबवत. जुळेचना. मी थांबले की तो पुढे जायचा, तो थांबला की मी. बाई फोन आजोबांच्या कानाशी धरून उभ्या होत्या, हात भरून आला की दुसऱ्या हातात घेत होत्या. पंचशीलाच्या तिसऱ्या ओळीला कुठे आमचं एक झालं.

आता चॅप्लेन बाईंच्या फाइलमध्ये रोमन लिपीत लिहिलेलं पंचशील आहे, अक्षर माझं. नव्या चॅप्लेनना त्या ते आवर्जून दाखवतात.

वेम्बली, निवृत्त शिक्षिका

माझा अनुभव बैठकांचा आहे, तेव्हा कंटाळा आला तर पुढे जा.

इंग्लंडात प्रत्येक स्थानिक कौन्सिलला शाळांतल्या धर्मशिक्षणासाठी सल्लागार परिषद नेमावीच लागते, कायदाच आहे तसा. तिच्यात चर्च ऑफ इंग्लंडचा वेगळा गट, शिक्षकांचा वेगळा, कौन्सिलचा वेगळा. आणि उरलेले सगळे ख्रिस्ती पंथ, हिंदू, मुस्लिम, शीख, ज्यू, बौद्ध मिळून एक गट. अभ्यासक्रम दर पाच वर्षांनी तपासला जातो. आमच्याकडे बौद्ध धर्माच्या पानावर सिद्धार्थ होता, चार आर्यसत्यं होती, तिबेटी भिक्खूंचा फोटो होता. १४ ऑक्टोबर १९५६ नव्हता. नागपूरला लाखोंनी दीक्षा घेतली, ती देणारा माणूस १९२१-२२ मध्ये याच शहरात, किंग हेन्रीज रोडवर राहून शिकत होता, आणि मुलांना त्याचं नावही कळू नये?

मी मागणी मांडली. एक हिंदू सदस्य, गुजराती, अतिशय सज्जन गृहस्थ, म्हणाले, ‘दीक्षा जरूर घाला, पण का घेतली ते नको, मुलांमध्ये तेढ येईल.’ का घेतली ते गाळून उरतं काय? पण त्यांची भीतीही पोकळ नव्हती. त्यांच्या नातवाला वर्गात एका गोऱ्या मुलाने, ‘तू कुठल्या जातीचा’ म्हणून छेडलं होतं.

मागचं थोडं सांगते. २०१० च्या समता कायद्यात जात घालायची का, यावर इथे वर्षानुवर्षं घोळ चालला. २०१३ मध्ये संसदेने घालायचं ठरवलं, २०१८ मध्ये सरकारने अंग काढून घेतलं आणि प्रश्न कोर्टांवर सोडला. तेव्हापासून आंतरधर्मीय बैठकीत जातीचा विषय निघाला की निम्म्या लोकांना चहा आठवतो.

त्या दिवशी शीख सदस्या उठल्या नाहीत. म्हणाल्या, ‘आमच्यातही आहे. एकाच गावात दोन गुरुद्वारे का, हे मला विचारा.’ मग त्याच गुजराती गृहस्थांनी वाक्य सुचवलं : जातिभेद दक्षिण आशियातल्या अनेक धर्मांच्या समाजांत आढळतो. त्याखाली आंबेडकर, नागपूर आणि अस्पृश्यता आली. मी अर्धं पान मागितलं होतं, दोन ओळी मिळाल्या. तिबेटी भिक्खूंचा फोटो अजून तिथेच आहे.

बॅटरसी, मूळ वर्धा

९ ऑगस्टला, नागासाकीच्या दिवशी, वेस्टमिन्स्टर कॅथीड्रलपासून बॅटरसी पार्कातल्या शांतिस्तूपापर्यंत पदयात्रा निघते. कॅथलिक, क्वेकर (शांत बसून उपासना करणारा ख्रिस्ती पंथ), बौद्ध, आणि धर्माशी देणंघेणं नसलेले अण्वस्त्रविरोधीही. स्तूप १९८५ चा, जपानच्या निप्पोनझान म्योहोजी संघाने बांधलेला. रस्त्यात त्यांचा तो हातातला ढोल वाजला आणि मी जागीच थबकलो, कारण हा आवाज मी लहानपणी आमच्या वर्ध्याच्या स्तूपावर ऐकलेला! या संघाचे फुजी गुरुजी १९३३ मध्ये वर्ध्याला गांधीजींना भेटले होते, त्यांचा मंत्र आश्रमाच्या प्रार्थनेतही आला.

आमच्या वस्तीत पुणे करारावरून गांधींचं नाव काढायची सोय नव्हती. शेजारून चालणाऱ्या क्वेकर आजींना हे सांगता सांगता चेल्सी ब्रिज आला. त्यांना पुणे करार समजावून दिला, त्यांनी मला क्वेकर सभेत कुणी बोलत का नाही ते सांगितलं. स्तूपापाशी पोचल्यावर लोक कागदी दिवे सोडेपर्यंत आम्ही बाकावर भांडत बसलो होतो.

ईस्ट हॅम

माझं जरा वेगळं. २०२३ मध्ये राजे चार्ल्स यांच्या राज्याभिषेकाला चिझिकच्या लंडन बुद्ध विहाराचे भंते वेस्टमिन्स्टर अॅबेत दिसले, आनंद झाला. श्रीलंकेच्या अनागारिक धर्मपालांनी १९२६ मध्ये काढलेलं विहार आहे, मान त्यांचाच. पण माझ्यासारख्याला बोलावतात ते ‘शेवटी पाच मिनिटं ध्यान घ्या’ म्हणून. अहो, आमच्या चाळीत ध्यान केलं कुणी? वंदना होती, जयंती होती, मोर्चा होता, रात्रीची अभ्यासिका होती. त्यावर बोलू म्हटलं तर, ‘हा राजकीय विषय झाला.’

आणि देशभरातल्या आंतरधर्मीय संस्थांना जोडणारं जे मोठं नेटवर्क १९८७ पासून होतं, ते सरकारने पैसा थांबवल्यावर २०२४ मध्ये बंद पडलं. म्हणजे सलोखा अनुदानावर चालू होता. मी जाणं सोडलंय.

इल्फर्ड, मूळ दापोली

बौद्ध नसलात तरी चालेल म्हटलंय म्हणून लिहितो. मी कोकणी मुसलमान.

२०१९ मध्ये वैशाख पौर्णिमा रमजानात आली. आम्ही हॉलमध्ये शेजाऱ्यांसाठी इफ्तार ठेवला होता. एक बाई मोठं पातेलं भरून तांदळाची खीर घेऊन आल्या आणि फोनवर चक्क मराठीत बोलत होत्या. मी विचारलं, गाव कुठलं? म्हणाल्या, मंडणगड. म्हटलं, म्हणजे आंबडव्याकडच्या! बाबासाहेबांचं मूळ गाव, आमच्याकडून एसटीने किती ते. मग काय, खिचडा आणि खजूर राहिले बाजूला. मे महिना, रोजा सुटायला नऊ वाजत आलेले, आणि त्यांची छोटी सात वाजल्यापासून ‘खीर कधी’ म्हणून रडं मांडून बसलेली. तिला इमामसाहेबांनीच आधी वाटी दिली.

खरी पंचाईत पुढे. श्रीलंकेच्या एका भंतेंना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते दुपारी बारानंतर जेवत नाहीत हे आम्हाला कुठे माहीत! अजान झाली, अख्खा हॉल खातोय आणि भंते ताटासमोर हसत बसलेत. आमचे चाचा आग्रह करून करून थकले. शेवटी भंतेंनी समजावलं तेव्हा इमामसाहेब म्हणाले, ‘आमचा सुटला तेव्हा तुमचा चालू!’ दोघं मग पहाटेच्या वेळा जुळवत बसले, सहरीला एकत्र खाता येईल का म्हणून. गाळलेला फळांचा रस भंतेंना चालतो असं कळल्यावर पोराला दुकानात पिटाळलं. आता दरवर्षी त्यांच्यापुढे तो असतोच.

वेम्बली, पुन्हा मी

ईस्ट हॅमचे दादा, जाणं सोडू नका, जागा बदला. तुमच्या कौन्सिलच्या धर्मशिक्षण परिषदेत बौद्धांची जागा भरलेली आहे का, ते पाहा. बऱ्याच ठिकाणी ती रिकामीच असते. बैठका जनतेसाठी खुल्या असतात, इतिवृत्तं कौन्सिलच्या वेबसाइटवर मिळतात. तिथे ध्यान कुणी घ्यायला लावत नाही. चहा मात्र वाईट असतो.