अमेरिकेतले वंश: जनगणनेच्या रकान्यांवर किती विसंबायचं?

रकानेमोड: वंशसंबंधांवर बोलताना लोक जनगणनेचे आकडे तोंडावर फेकतात. पण भारतीयांचंच घ्या. १९३० आणि १९४० मध्ये शीख असो की मुसलमान, वंश 'हिंदू'. १९७० मध्ये थेट गोऱ्यांत. १९८० पासून 'आशियाई भारतीय'. २०१० ते २०२० मध्ये मिश्रवंशीय २.९ वरून १०.२ टक्के झाले. एवढी मिश्र संतती दहा वर्षांत कुठून आली?

टिपणवही: आली नाहीच. २०२० ला 'गोरा' आणि 'काळा' या चौकटींखालीही मूळ लिहायला जागा दिली. हातानं लिहिलेली पूर्वी ३० अक्षरं टिपली जात, आता २००. 'गोरा'वर खूण करून खाली 'मेक्सिकन' लिहिलं की माणूस 'गोरा' आणि 'इतर वंश' अशा दोन वंशांत मोजला गेला. म्हणून 'फक्त गोरे' ८.६ टक्क्यांनी घटले, पण 'फक्त किंवा मिश्र' धरले तर १.९ टक्क्यांनी वाढले. तुलना दुसऱ्या आकड्याची करा. रकाने फेकून दिलेत तर वस्त्यांची फाळणी मोजणार कशानं? प्रत्येक ट्रॅक्टमध्ये (जनगणनेचा छोटा विभाग, सरासरी चारेक हजार वस्ती) शहरातल्या काळ्यांपैकी किती टक्के राहतात आणि गोऱ्यांपैकी किती, हा फरक काढा. उणे चिन्ह सोडा, सगळे फरक मिळवा, निम्मे करा. ६० च्या वर गेलं तर फाळणी तीव्र.

रकानेमोड: गट लहान असला की हा निर्देशांक उगाच फुगतो. शिवाय कैदी तुरुंगाच्या पत्त्यावर मोजतात, त्यामुळे खेडेगावातही 'काळी वस्ती' दिसते!

उलटतपासणी: दोघांचंही अर्धवट. कोण कुठे राहतं हे कळलं, का राहतं ते नाही. त्यासाठी १९३० च्या दशकातले गृहकर्जाचे, कर्जाला धोक्याचे म्हणून लाल रंगवलेल्या मोहल्ल्यांचे नकाशे काढावे लागतात. आणि भेदभावाला प्रयोगच हवा. २००४ चा प्रसिद्ध अभ्यास: बॉस्टन आणि शिकागोत नोकरीचे सुमारे ५,००० अर्ज, पात्रता सारखी, नावं चिठ्ठ्या टाकल्यागत वाटलेली. एमिली-ग्रेग अशा गोऱ्या वाटणाऱ्या नावांना ९.६५ टक्के बोलावणी, लकीशा-जमाल अशा काळ्या वाटणाऱ्या नावांना ६.४५.

टिपणवही: नावातून वंशाबरोबर घरची परिस्थितीही डोकावते. नावं निवडताना आईच्या शिक्षणाची पातळी जुळवली नाही, तर नेमकं काय मोजलं ते सांगता येत नाही.

रकानेमोड: तेवढं मान्य. पण मार्च २०२४ च्या नियमांनी वंश आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषक देशांतलं) मूळ हे दोन प्रश्न एकत्र केलेत. आजवर गोऱ्यांत धरलेल्या अरब-इराण्यांना वेगळा रकाना दिलाय. २०३० ला गोरे पुन्हा 'घटणार', आणि तुम्ही पुन्हा ३० आणि २०० अक्षरांचा हिशेब सांगत बसणार.