भुसावळच्या फलाटावर उभं राहून नेटवर्क कळत नाही

अमळनेरची गणितवाली
काल इथं एकानं लिहिलं: "नेटवर्क सायन्स हे थोतांड आहे. माणसं माणसांशी जोडलेली असतात हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला? भुसावळच्या फलाटावर तासभर उभे राहा, सगळं कळतं." बावीस वर्षं गणित शिकवते मी. हे वाचून गप्प बसवलं नाही.

फलाटावर गर्दी दिसते, जोडणी दिसत नाही. नेटवर्क सायन्स म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणारे दुवे यांच्या जाळ्याचा अभ्यास. १७३६ मध्ये गणितज्ञ ऑयलरनं कोनिग्सबर्ग शहराच्या सात पुलांचं कोडं (प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरता येईल का?) सोडवलं, ते पुलांवर चकरा मारून नाही. पुलांची लांबी, नदीचं पात्र, सगळं बाजूला ठेवलं आणि एवढंच मोजलं की जमिनीच्या प्रत्येक तुकड्याला किती पूल लागतात. एकाला पाच, बाकी तिघांना तीन-तीन, चारही विषम. म्हणून प्रत्येक पूल एकदाच ओलांडून फिरणं अशक्य. ही सुरुवात.

मग वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ या संशोधकांचं काम, १९९८. ठिपके गोलात मांडले, प्रत्येकाला जवळच्या शेजाऱ्यांशी जोडलं, आणि त्यातले मोजकेच दुवे उचलून कुठंही दूर नेऊन जोडले. शेजारपाजार जवळजवळ तसाच राहिला, पण कुठूनही कुठंही जायचं सरासरी अंतर धाडकन खाली आलं. आपल्या गावाकडं बघा. बहुतेक घरांचं नातंगोतं पंचक्रोशीतच असतं. एक लेक सुरतेला दिली, एक पोरगा उधन्याच्या कारखान्यात लागला, की अख्खं गाव सुरतेपासून दोन माणसांवर येतं. असे दुवे किती पुरतात, ते फलाटावर उभं राहून सांगता येईल का?

रावेर कांदेबाग
बाई, तो थोतांड म्हणणारा मीच. रागानं लिहिलं, पण मागं घेत नाही. ठिपके, गोल, सात पूल. माझ्या केळीला काय?

माझी गोष्ट ऐका. दोन वर्षांपूर्वी बाग कापणीला आली आणि ठरलेला व्यापारी फोन उचलेना. चार दिवसांनी उचलला तो भाव पाडूनच. गावातल्या सगळ्यांचा व्यापारी तोच, मग विचारायचं कोणाला? शेवटी एका ट्रक ड्रायव्हरनं, ज्याला मी आयुष्यात दोनदा भेटलो, दिल्लीकडच्या एका आडतीचा नंबर दिला. त्यावर माझी बाग गेली. हे मला कुठल्या शास्त्रानं शिकवलं नाही, अडचणीनं शिकवलं.

अमळनेरची गणितवाली
भाऊ, तुम्ही जे सांगितलं तेच समाजशास्त्रज्ञ ग्रॅनोव्हेटरनं १९७३ मध्ये मांडलं! जवळच्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी खबर आणतो तो तोंडओळखीचा, दुसऱ्या गोटातला माणूस. नोकऱ्या लागलेल्यांना विचारून त्यानं हे तपासलं.

रावेर कांदेबाग
म्हणजे मी भोगलं आणि नाव त्याचं.

मूळ जळगाव, सध्या पुणे
मी आकडेवारीचं काम करतो. मॅडम, तुम्ही चांगली बाजू तेवढी दाखवताय. 'सहा पायऱ्यांत जग' ज्या मिलग्रॅमच्या प्रयोगावरून म्हणतात (ओळखीच्या माणसांमार्फत हातोहात पाकीट एका अनोळखी माणसापर्यंत पोचवायचं), त्याची १९६९ साली छापलेली आकडेवारी बघा. २९६ जणांपासून सुरुवात, बोस्टनच्या त्या शेअर दलालापर्यंत पोचली ६४ पाकिटं. बाकीची वाटेतच थांबली. पोचलेल्यांची सरासरी काढून जगाबद्दल बोलायचं? आणि बाराबाशी व अल्बर्ट हे शास्त्रज्ञ, १९९९: थोड्या ठिपक्यांकडं प्रचंड दुवे, बाकीच्यांकडं नगण्य, असं जाळं सगळीकडं सापडतं म्हणाले. २०१९ मध्ये ब्रॉइडो आणि क्लॉसेट यांनी जवळपास हजार जाळी तपासली, त्यात ठोस पुरावा सुमारे चार टक्क्यांत. वीस वर्षं लोक उगाच टाळ्या वाजवत होते.

अमळनेरची गणितवाली
६४ चा मुद्दा मान्य. वर्गात मी तो आकडा सांगत नव्हते, यापुढे सांगेन. पण २०१९ चा निकाल याच शास्त्रातल्या माणसांनी काढला ना? स्वतःचा गाजलेला दावा मोजून खोडतात, त्याला थोतांड म्हणत नाहीत.

निवृत्त सेक्शन कंट्रोलर, भुसावळ
फलाटाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. नोकरी भुसावळलाच झाली, गाड्यांच्या हालचाली सांभाळायची. तुमच्या ठिपक्यांच्या नकाशावर भुसावळला वाटा किती? जळगावकडं, खंडव्याकडं, अकोल्याकडं. तीन. जळगावला? मनमाडकडं, सुरतकडं, भुसावळकडं. तीनच. तुमचं शास्त्र म्हणेल दोन्ही सारखे. मग इंजिनं, गार्ड-ड्रायव्हरची बदली, यार्ड, लोको शेड, हे सगळं भुसावळला का? ठिपक्याच्या पोटात काय आहे ते तुम्ही मोजतच नाही.

अमळनेरची गणितवाली
काका, हा मुद्दा खरा आहे. ठिपक्यांना आणि दुव्यांना वजनं देता येतात, पण ती वजनं तुमच्यासारख्या माणसालाच विचारावी लागतात. शिवाय दुवा कशाला म्हणायचं हेही आपणच ठरवतो. कोलकात्याच्या संशोधकांनी २००३ मध्ये भारतीय रेल्वेवर काम केलं, तेव्हा रूळ धरले नाहीत. एकच गाडी ज्या दोन स्टेशनांवर थांबते ती जोडलेली, असं धरलं. त्यांना दिसलं की देशात कुठूनही कुठंही जायला मोजक्याच गाड्या बदलाव्या लागतात.

धुळेकर
मोजक्या? आमचं धुळं बघा. जिल्ह्याचं ठिकाण, आणि रेल्वेची एकच वाट, चाळीसगाव. इंग्रजांच्या काळापासून तेच. मनमाड-इंदूर मार्गाची मागणी माझ्या आजोबांच्या काळातली, मंत्रिमंडळानं मंजुरी दिली सप्टेंबर २०२४ मध्ये! ३०९ किलोमीटर. जंक्शनवाल्यांना आमचं दुःख काय कळणार?

निवृत्त सेक्शन कंट्रोलर, भुसावळ
तुमच्या धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही महामार्ग एकमेकांना छेदतात. रस्त्यांच्या जाळ्यात तुम्हीच जंक्शन. हे सोयीस्कर विसरता.

धुळेकर
महामार्गावर धूर आणि अपघात मिळतात काका. माझ्या वडिलांना मुंबईच्या दवाखान्यात न्यायचं होतं तेव्हा रात्री दोनला चाळीसगावच्या फलाटावर ओट्यावर झोपवलं होतं. तो ओटा तुमच्या नकाशात येतो का?

निवृत्त सेक्शन कंट्रोलर, भुसावळ
आवाज चढवू नका. मीही रात्री काढल्यात. ३० आणि ३१ जुलै २०१२ आठवतं? बीना-ग्वाल्हेर ही विजेची लाईन ट्रिप झाली, म्हणजे बंद पडली, भार दुसऱ्या लाईनींवर गेला, त्याही पडत गेल्या. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड बसले, साठ कोटींवर लोकांची वीज गेली. आपलं पश्चिम ग्रिड वाचलं, आपल्याकडं दिवे होते. पण इटारसीकडून येणाऱ्या गाड्यांचा पत्ता नव्हता आणि बोर्डावर मी एकटा. एका दुव्यानं काय होतं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. वडिलांचं ऐकून वाईट वाटलं. धुळ्याला दुसरी वाट हवी, हे मान्य.

मूळ जळगाव, सध्या पुणे
हे बरोबर. धुळ्याची एक वाट तुटली की पर्याय शून्य. दुवा वाढवणं म्हणजे निव्वळ सोय नव्हे.

धुळेकर
पुण्यात बसून कळलं एकदाचं.

रावेर कांदेबाग
तुमची रेल्वे झाली असेल तर ऐका. बाई, तुन्हं बठ्ठं खरं शे असं मी अजून म्हणत नाही. पण रात्रभर एक गोष्ट डोक्यात आहे. केळीवरचा हरण्या हा विषाणूचा रोग माझ्या बागेत आला त्या साली मी जुनी वही काढली होती, कोणी कुठून रोपं आणली ती. माझ्या बांधाला लागून असलेली बाग स्वच्छ राहिली. दोन कोसांवरच्या तीन बागा गेल्या. आम्ही सगळे मावा-मावा करत, त्या किडीनंच रोग आणला म्हणून फवारत राहिलो. त्या तिघांची आणि माझी रोपं एकाच खेपेतली होती.

अमळनेरची गणितवाली
भाऊ, मावाही पसरवतो, पण रोपांतूनही येतो. म्हणजे बांधाचं जाळं वेगळं आणि रोपांच्या खेपेचं वेगळं. त्या वेळी पहिलं रोगट झाड दिसल्याबरोबर त्या खेपेच्या सगळ्यांना फोन गेला असता, तर उपटून गाडायला वेळ मिळाला असता. ती वही मला दाखवाल का?

रावेर कांदेबाग
रविवारी या. वही माझी, रेघा तुम्ही ओढा. पण कोणाची बाग गेली त्यांची नावं इथं टाकायची नाहीत. त्यातल्या एकाच्या पोरीचं लग्न ठरतंय.