मदत हवी आहे: मुलांच्या फुगवायच्या पूलमधलं पाणी रोज बदलायलाच हवं का?

दोन_पिल्लांची_आई

नमस्कार मंडळी,

घरात दोन मुलं आहेत, थोरली सहा वर्षांची आणि धाकटा नुकताच दोन पूर्ण झालाय. त्यांच्यासाठी फुगवायचा पूल आणलाय, तो एकावर एक तीन कडी असलेला गोल असतो ना, तसा, साधारण पाच फुटी. शेजारची दोन-तीन पोरंही येतात. इतकी रमतात त्यात की बाहेर काढताना रडारड होते, त्यामुळे पूल बंद करायचा अजिबात विचार नाहीये, फक्त पाण्याचं काय करायचं तेच कळत नाहीये.

दीड मीटर व्यासाचा पूल फक्त 15 सेंमी भरला तरी अडीचशे लिटरच्या वर पाणी लागतं. एवढं पाणी रोज ओतून द्यायचं अगदी जिवावर येतं हो. पण ठेवलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी वरून पाणी नितळ दिसतं आणि हात घातला की तळ बुळबुळीत लागतो. कडेला जिथपर्यंत पाणी होतं तिथे तेलकट पिवळट रेघ धरलेली असते आणि तळाच्या शिवणीतून बोट फिरवलं की करडा चिकट मळ निघतो. धाकटा तेच पाणी कपात भरून पितो, कितीही ओरडा. तेव्हापासून मला धास्तीच बसलीये.

तर प्रश्न असे आहेत की पाणी दोन-तीन दिवस टिकवायचा काही सुरक्षित उपाय आहे का, त्यात काही घालता येतं का (कुणी मीठ सांगतं, कुणी अंघोळीच्या पाण्यात घालतात ते जंतुनाशक लिक्विड सांगतं, कुणी ब्लीच), पूल नक्की कशाने घासायचा, आणि धाकट्याला पाण्यातला स्पेशल डायपर घातला की पुरे का? अनुभव असलेल्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

रानफूल

तुरटी फिरवून बघा ना, गढूळपणा लगेच खाली बसतो. आणि रात्री झाकून ठेवा.

दोन_पिल्लांची_आई

रानफूल, धन्यवाद, पण पाणी गढूळ नसतंच, दिसायला छान असतं, बुळबुळीतपणा तळाला असतो. तुरटीने जंतू मरतात का?

निळी_फरशी

नाही मरत. तुरटीने माती, गाळ एकत्र होऊन खाली बसतो, जंतू मारायचं काम तिचं नाही. मी पूल मेंटेनन्सच्या कामात बरीच वर्षं आहे म्हणून जरा लांबण लावतोय.

ताई, तुम्हाला जो बुळबुळीतपणा लागतोय ती जंतूंनीच तयार केलेली साय आहे. अंगावरचं तेल, सनस्क्रीन, घाम, पायाची माती, आणि लहान मुलं पाण्यात शू करतात ती, हे सगळं त्यांचं खाणं. उन्हाने पाणी कोमट झालं की त्यांना आणखी काय हवं. मोठ्या पूलमध्ये हेच सगळं होतं, पण तिथे फिल्टर सतत चालू असतो, क्लोरीन लिटरला निदान 1 मिलिग्रॅम राखतात, पीएच (पाणी किती आम्लधर्मी आहे त्याचं माप) 7 ते 7.8 मध्ये ठेवतात आणि दिवसातून अनेकदा टेस्ट करतात. तुमच्या पूलला फिल्टर नाही, पंप नाही, त्यामुळे घातलेलं काहीही सगळीकडे सारखं पसरत नाही.

आता ब्लीचचं. हिशोबाने बघितलं तर तुमच्या अडीचशे-पावणेतीनशे लिटर पाण्याला 5 टक्केवालं ब्लीच जेमतेम चमचाभर लागेल. हे प्रमाण म्हणून वापरू नका, मुद्दा वेगळाच आहे. चमचाभराच्या हिशोबात हात जरा सैल पडला की दुप्पट-तिप्पट होतं आणि मुलांचे डोळे, कातडी चुरचुरते. बाटली जुनी असेल तर त्यात ताकदच उरलेली नसते. बरोब्बर पडलं असं धरलं तरी कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं आणि उरलेलं घामाशी, शूशी भांडण्यात खर्च होतं. म्हणजे आपल्याला वाटतं औषध घातलंय आणि पाण्यात काहीच नसतं. म्हणून बिनफिल्टरच्या छोट्या पूलला अमेरिकेची सरकारी आरोग्यसंस्था सीडीसीसुद्धा हेच सांगते की रोज रिकामा करा, धुवा, वाळवा. मिठाने काही होत नाही. जंतुनाशक लिक्विड तर नकोच, तुमचा धाकटा ते पाणी पितो.

दोन_पिल्लांची_आई

बापरे, हे असं कुणी समजावूनच सांगितलं नव्हतं. म्हणजे टिकवायचा विषयच संपला. पण मग पाण्याचं काय हो? रोज अडीचशे लिटर खरंच नाही परवडत.

निळी_फरशी

टिकवू नका, कमी घ्या. एवढ्या लहान मुलांना पोहायचं नसतंच, त्यांना बसून पाणी उडवायचं असतं. एक मीटरचा पूल 8 सेंमी भरला तर साठ-पासष्ट लिटर लागतात, म्हणजे तीन-चार बादल्या. आहे तोच पूल ठेवायचा असेल तरी 15 ऐवजी 8 सेंमी भरा, निम्म्यावर येईल. पाण्यात काही घातलं नसेल तर नंतर झाडांना, फरशीला, गाडी धुवायला सगळीकडे चालतं. आणि पूल बाल्कनीत ठेवत असाल तर वजनाचा विचार करा, अडीचशे लिटर म्हणजे अडीचशे किलो, वर मुलं वेगळी.

पूलमध्ये उतरायच्या आधी मुलांना साबणाने अंघोळ घाला आणि कडेला पाय धुवायला टब ठेवा. एवढ्यानेच निम्मी घाण पाण्यात जायची थांबते. त्या दिवशी अंगाला तेल चोळू नका, ती पिवळट रेघ बरीचशी त्याचीच असणार.

धुताना आधी साधा साबण आणि मऊ ब्रश, शिवणीत जुना टूथब्रश. तारेची घासणी नको, प्लॅस्टिकवर चरे पडतात आणि मळ त्यातच घर करतो. रोज एवढं पुरे. मधूनमधून, किंवा कुणी शी केली असेल तर, साबणाने धुतल्यावर लिटरभर पाण्यात 20 मिली साधं घरगुती ब्लीच घालून त्याने पूल पुसा, एक-दोन मिनिटं ओलं राहू द्या आणि भरपूर पाण्याने धुवा. ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा टॉयलेट क्लीनरमध्ये चुकूनही मिसळायचं नाही, विषारी क्लोरीन वायू निघतो. मग पूल उभा करून उन्हात निदान चार तास. नुसतं वरवर कोरडं झालेलं चालत नाही, शिवणी वाळल्या पाहिजेत.

दुपारचा_चहा

खेळणीपण बघा. ती दाबली की पाणी उडवणारी रबरी बदकं असतात ना, त्यातलं एक मी कात्रीने उभं कापलं होतं, आतून पूर्ण काळं, लगदा चिकटलेला. बाहेरून नवंकोरं. तेव्हापासून आमच्याकडे भोक नसलेलीच खेळणी.

पांढरा_कोट

मी मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. डायपरचं राहिलंय म्हणून लिहिते. स्विम डायपरने घट्ट शी थोडी अडते, पातळ शी आणि जंतू अजिबात अडत नाहीत. त्यामुळे तासातासाला बाजूला नेऊन बदला, पूलच्या कडेला नको. शी झालीच तर मुलं बाहेर, पाणी लगेच ओतायचं, ते झाडांनाही नको, आणि पूल ब्लीचने धुवायचा. जुलाब होत असलेल्या मुलाला, मग ते शेजारचं असो, त्या दिवशी पाण्यात पाठवायचं नाही, सरळ सांगा त्याच्या आईला, वाईट वाटलं तरी. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी आहे, त्याचे जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पाण्यात उतरू नये म्हणतात. ई. कोलाय हा शीतला जंतू क्लोरीनमध्ये मिनिटाच्या आत मरतो, हा परजीवी मात्र लिटरला 1 मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये दहा दिवस तग धरतो.

पण ताई, तुमच्या पोस्टमध्ये स्वच्छतेचं सगळं आहे आणि बुडण्याबद्दल एक ओळ नाही म्हणून काळजी वाटली. कृपा करून राग मानू नका. पाणी कमी घ्या हे बरोबरच आहे, पण 5 सेंमी पाण्यातही लहान मूल बुडू शकतं. दोन वर्षांच्या मुलाचं डोकं बाकी अंगाच्या मानाने जड असतं, तोंडावर पडलं की त्याला स्वतःला वर उचलता येत नाही. आणि सिनेमात दाखवतात तसं ते हातपाय मारत ओरडत नाही. आवाजच येत नाही. फुगवलेली भिंत मऊ असते, बाहेरून वाकलं की ती दबते आणि मूल डोक्यावर आत जातं, म्हणजे पूलमध्ये चढता येत नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही.

त्यामुळे मोठं माणूस हाताच्या अंतरावर बसलेलं हवं, खिडकीतून लक्ष ठेवणं नाही, मोबाईल नाही. सहा वर्षांच्या ताईवर दोन वर्षांच्या भावाची जबाबदारी नाही. फोन आला, दार वाजलं, तर धाकट्याला उचलून बरोबर न्यायचं. हाताला लावायचे फुगे सेफ्टीसाठी नसतात. शक्य असेल तर लहान मुलांचं सीपीआर शिकून घ्या, बुडालेल्या मुलाला तोंडाने श्वास देणं फार महत्त्वाचं असतं, नुसती छाती दाबून भागत नाही.

दोन_पिल्लांची_आई

राग कसला, उलट बरं झालं लिहिलंत. आमच्याकडे आजी किंवा मी समोरच बसलेलो असतो, पण फोनचं तुम्ही म्हणता तसं आता घरात सगळ्यांना सांगते. दुपारी जेवायला आत येतो तेव्हा पूल भरलेला ठेवून वर झाकण घातलं तर चालेल का? संध्याकाळी परत खेळतात.

पांढरा_कोट

नको. ते पातळ झाकण मुलाचं वजन पेलत नाही, मूल त्यासकट आत जाऊ शकतं, आणि वरून काही दिसतही नाही. खेळून झालं की रिकामा करायचा, उलटा किंवा उभा ठेवायचा, आणि आतली खेळणी उचलायची, कारण रंगीत बॉल दिसला की मूल तिकडे धावतं. 8 सेंमी पाणी असेल तर संध्याकाळी परत भरायला कितीसा वेळ लागतो.

रानफूल

मी वर झाका म्हटलं होतं, ते नका ऐकू. उलटा ठेवला म्हणजे पावसाचं पाणीही साठत नाही आणि डास होत नाहीत.

निळी_फरशी

डासांवरून एक, डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला चिकटतात आणि सुकली तरी कित्येक महिने जिवंत राहतात, परत पाणी लागलं की अळ्या. म्हणून नुसतं ओतून भागत नाही, कड घासायची. आणि पाईप उन्हात पडलेला असेल तर पहिलं पाणी मुलांवर सोडू नका, चटका बसण्याइतकं गरम असतं, आधी थोडं झाडात जाऊ द्या.

दोन_पिल्लांची_आई

पाईपचं लक्षातच आलं नसतं, आमचा अंगणातच पडलेला असतो. मोठा पूल आता धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवते आणि एक मीटरचा बघते. बिनभोकाची खेळणी कुठली घेतलीत ते दुपारचा_चहा यांनी सांगितलं तर बरं होईल.

दुपारचा_चहा

खेळण्यांच्या दुकानातलं काही खास नाही हो. प्लॅस्टिकचे पेले, चाळणी, गाळणी, छोटी झारी. सगळं उघडं, आत हात जातो, घासता येतं आणि उन्हात लगेच वाळतं. आमची तर पेल्यातलं पाणी चाळणीत ओतण्यातच तासभर घालवते.