'फ्रेल्टी'ला मराठीत काय म्हणावं?

शाईचा_डाग: आतड्याच्या कॅन्सरचं मोठं ऑपरेशन ठरलेल्या, सत्तरीपुढच्या रुग्णांसाठीचं माहितीपत्रक मराठीत करतेय. ऑपरेशनआधी 'फ्रेल्टी' (मोठा ताण सोसायची शरीराची ताकद घटणं) तपासतात, तिथे अडलंय. जुन्या पत्रकात 'नाजूक प्रकृतीची तपासणी' असं होतं. ते वाचून एका काकूंचा चेहरा पडला, "म्हणजे ह्यांचं काही खरं नाही का?" पेपरात 'प्रकृती नाजूक' आलं की पुढची बातमी काय असते ते सगळ्यांना ठाऊक. 'अशक्तपणा' चालेल?

फिजिओताई: अजिबात नको. अशक्तपणा म्हटलं की नातेवाईक म्हणतात, दोन सलाईन लावा. वृद्धांच्या आजारांच्या तज्ज्ञ डॉ. लिंडा फ्रीड यांचे फ्रेल्टीचे 2001 चे निकष 5 आहेत: प्रयत्न न करता वर्षात साडेचार किलोवर वजन उतरणं, सततचा थकवा, मुठीची ढिली पकड, मंद चाल, कमी हालचाल. 3 जुळले तर फ्रेल, 1-2 असतील तर आधीची पायरी. शिवाय आम्ही खुर्चीतून उठून 3 मीटर चालून परत येऊन बसायला सांगतो. ऐंशीचे शेतकरी आजोबा हात न टेकता उठतात, पासष्टीचे साहेब दोनदा झोका घेतात. नुसत्या वयावर जाऊ नका.

निवृत्त_मास्तर: 'जराक्षीणता'. जरा म्हणजे वार्धक्य. घरचा घडीव शब्द असताना उसनवारी कशाला?

सोलापुरी_चादर: मास्तर, लोक 'जरा क्षीणता' वाचतील आणि म्हणतील, थोडीशीच आहे ना, करून टाका ऑपरेशन!

निवृत्त_मास्तर: मग 'दुर्बलता' घ्या.

सोलापुरी_चादर: त्याला तहसीलदाराचा दाखला लागतो ना?

घाटावरचा: 'तोळामासा प्रकृती' आहे की. आमची आजी रोज वापरायची.

फिजिओताई: गोड आहे, पण माझी आत्या जन्माचीच तोळामासा, नव्वदी पार केली. फ्रेल्टी म्हणजे शरीराची गंगाजळी आटणं. रोजचा खर्च भागतो, मोठं ऑपरेशन आलं की खडखडाट. थोडी भरताही येते: प्रथिनं, चालणं, श्वासाचे व्यायाम, ऑपरेशनआधी काही आठवडे. म्हणून तर तपासायचं. नुसता शिक्का मारायला नाही.

निवृत्त_मास्तर: तोळामासा म्हणजे नाजूक नव्हे. 'घडीत तोळा, घडीत मासा', म्हणजे क्षणाक्षणाला बदलणारी.

घाटावरचा: ते लहरी माणसाला म्हणतात. प्रकृतीला लावला की नाजूकच. आजी चुकली म्हणता?

निवृत्त_मास्तर: आजीबद्दल आदर आहे. व्युत्पत्तीत नाती चालत नाहीत.

शाईचा_डाग: अहो, पत्रक सोमवारी छापायला जातंय. तूर्त 'शरीराची राखीव ताकद कमी असणे (फ्रेल्टी)' असं लिहू?

फिजिओताई: लिहा. कंसातलं ठेवाच, फाईलवर डॉक्टर तेच लिहितात.

निवृत्त_मास्तर: सहा शब्दांची संज्ञा! याला भाषांतर म्हणत नाहीत, कीर्तन म्हणतात.

सोलापुरी_चादर: एक शंका. तोळ्यात मासे किती?

घाटावरचा: 12. आणि माशाच्या 8 गुंजा.

सोलापुरी_चादर: पण आमचा सराफ तोळा 10 ग्रॅमचा धरतो.

निवृत्त_मास्तर: जुना तोळा 11.66 ग्रॅमचा. नवीन धागा काढा, सविस्तर लिहितो.