दूध जवळपास बंद. कॅल्शियम आणि बी-१२ कसं भागवायचं?

रामबाग, इंदूर
सासूबाई ६२ वर्षांच्या, शाकाहारी, अंडंही चालत नाही. दुधाने पोट फुगतं, जुलाब होतात. अंगावर गांधी वगैरे उठत नाहीत. अर्धी वाटी दही सोसतं. नाचणी आणि तीळ सुरू करतोय, तेवढ्यावर भागेल का? सकाळी थायरॉइडची गोळी आणि मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू आहे.

सुदामानगर
नुसत्या नाचणी-तिळावर नाही भागणार. पाळी गेल्यानंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम धरतात. ६० ग्रॅम नाचणीच्या पिठाच्या दोन लहान भाकऱ्यांतून २२० मिळतं, १५ ग्रॅम न सोललेल्या तिळांतून १९०, ५० ग्रॅम शेवग्याच्या पाल्यातून दीडशे, अर्धी वाटी दह्यातून ९०, डाळ-उसळीतून साठेक. म्हणजे सातशेच्या आसपास, तेही कागदावर.

पांढरेशुभ्र सोललेले तीळ घेऊ नका, कॅल्शियम बहुतेक सालातच असतं. त्याच सालात कॅल्शियम अडवून धरणारं ऑक्सलेटही असतं, म्हणून १९० पूर्ण अंगी लागत नाही. भाजून, कुटून चटणी करा. अख्खे तीळ बरेचदा तसेच बाहेर पडतात. नाचणीचं सत्त्व कापडातून गाळलं की चोथ्याबरोबर कॅल्शियमही जातं. त्यापेक्षा मोड आणून वाळवा आणि अख्खी दळा. पालक हिशेबात धरूच नका, त्यातलं जेमतेम ५ टक्के शोषलं जातं. थंडीत मुळ्याचा पाला लोक भाजीवाल्याकडेच टाकून येतात, तो पालकापेक्षा कितीतरी सरस.

तुम्ही लिहिलेला त्रास लॅक्टोजचा, म्हणजे दुधातली साखर न पचण्याचा वाटतो. तसं असेल तर घरचं पनीर चालून जाईल: लॅक्टोज बरंचसं निवळीत उतरतं आणि ३० ग्रॅममध्ये सव्वाशेच्या वर कॅल्शियम मिळतं. थोड्यापासून सुरुवात करा. दाल-बाफल्यावरचं तूप बाधणार नाही, पण त्यात कॅल्शियमही नाही.

पलासिया
उरलेलं गोळीने भरावं लागेल, डॉक्टरांना विचारून. १२५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम ५०० असतं, वेष्टनावर दोन्ही आकडे बघा. ती जेवणाबरोबरच घ्यायची, रिकाम्या पोटी नीट शोषली जात नाही. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब, म्हणजे दुपारचं जेवण सोयीचं. लोहाची गोळी चालू असेल तर तीही वेगळ्या वेळी. ‘ड’ जीवनसत्त्वही तपासून घ्या.

मला जास्त काळजी बी-१२ची वाटते. शाकाहारी घरात ते दूध-दह्यातूनच येतं, वर मेटफॉर्मिनने त्याचं शोषण घटतं. इडली-डोशाच्या आंबवणावर विसंबू नका. आधी रक्तातली पातळी तपासा, मग मात्रा ठरवा. तपासणीशिवाय नुसतं फॉलिक अॅसिड सुरू केलं तर रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान चालूच राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर थांबू नका.

रामबाग, इंदूर
आभार. आणि सोयाचं दूध? माळव्यात सोयाबीन तर ढिगाने मिळतं.

सुदामानगर
प्रथिनांसाठी उत्तम, पण घरच्या सोया दुधात कॅल्शियम फार कमी. १०० ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवा, पाणी फेका, उकळत्या पाण्यात पाच मिनिटं ठेवा (उग्र वास त्यानेच जातो), सालं काढा, ८०० मिलिलिटर गरम पाण्याबरोबर वाटून गाळा. मग १५-२० मिनिटं उकळा. कच्च्या सोयाबीनमधले घटक प्रथिनं पचू देत नाहीत, म्हणून हे टाळू नका. फेस पहिल्या मिनिटांतच उतू जातो. तो आला म्हणजे उकळलं असं नव्हे. पातेलं मोठं घ्या.

विकतचं आणणार असाल तर १०० मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम घातलेलं बघा, साखर न घातलेलंच घ्या आणि दर वेळी डबा जोरात हलवून ओता. घातलेलं कॅल्शियम तळाशी बसतं.