मदत हवी आहे: खंजिरीवर डबसारखा एको हवाय, पण भजनाची लय चढत जाते

नमस्कार मंडळी, मी तिवसा तालुक्यातला. आमच्या भजन मंडळाची खंजिरी भजनं रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड केली आहेत. खंजिरी वेगळ्या ट्रॅकवर आहे. एका भजनाला जमैकन डबचं रूप द्यायचंय: मध्येच सगळं थांबावं, एकच थाप उरावी आणि ती विरत जावी. १९७० च्या दशकात किंग्स्टनला किंग टबी हे मिक्सरवर हातानं करायचा. मुळात रेडिओ दुरुस्त करणारा माणूस! मला त्याचं फार अप्रूप आहे.

अडचण लयीची आहे. सुरुवातीला मिनिटाला ७५ मात्रांची लय, म्हणजे एक मात्रा ८०० मिलिसेकंदांची. पाऊण मात्रेचा डिले (थाप उशिरानं पुन्हा ऐकवणारा इफेक्ट) ६०० लावला, चपखल बसला. पण गजरापर्यंत लय १०० वर जाते, तिथे ४५० लागतो आणि ६०० चा एको भलतीकडेच पडतो. ठरलेल्या लयीची क्लिक लावून मंडळींना पुन्हा वाजवायला सांगणार नाही, त्या चढण्यातच भजनाचा जीव आहे. डिलेची वेळ ऑटोमेशननं (वाजता वाजता आपोआप) बदलली तर कट-कट आवाज येतो. जुन्या टेप एकोत वेग बदलला की सूर सरकतो, मला तसं पायजे.

शिवाय फीडबॅक, म्हणजे एको पुन्हा डिलेत जाण्याचं प्रमाण, जरा वाढवला की खंजिरीच्या चकत्या एकमेकींवर चढतात आणि नुसता किरकिराट उरतो. काय करू? नेट इथे जेमतेम चालतं, मोठं डाउनलोड जमणार नाही.

उत्तर:
भाऊ, डिले खंजिरीच्या ट्रॅकवरून काढा. तो वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, त्यातून फक्त एको बाहेर येऊ द्या. खंजिरीचा सेंड (डिलेकडे आवाज पाठवायची वाट) एरवी बंद, हव्या त्या थापेलाच उघडायचा.

डिलेचा स्वतःचा फीडबॅकही बंद करा. एको ईक्यूच्या (आवाजातला जाड-बारीक भाग कापणाऱ्या इफेक्टच्या) दुसऱ्या ट्रॅकवर पाठवा आणि तिथून कमी आवाजात परत डिलेकडे. प्रोजेक्ट सेटिंगमध्ये फीडबॅक राउटिंगला परवानगी द्यावी लागते. ईक्यूत ३०० हर्ट्झखालचं आणि ३ किलोहर्ट्झवरचं कापा, म्हणजे दर फेरीला चकत्या बोथट होत जातील. किरकिराट त्यानंच जाईल.

लयीसाठी, एको जिथे हवाय तिथली लय मोजून वेळ ठरवा. वेळ बदलायची ती आधीचा एको पूर्ण विरल्यावर, मग कट-कट आवाज नाही. सूर सरकवायचा असेल तर विरणारा एको वेगळा रेंडर करा (त्याची नवी ऑडिओ फाइल बनवा), पिच म्हणजे सूर राखण्याची खूण काढा आणि स्ट्रेच मार्करनं हळूहळू ताणा.

मास्टरवर लिमिटर (आवाज ठरल्या पातळीवर अडवणारा इफेक्ट) लावल्याशिवाय परतीचा सेंड वाढवू नका, आणि तेव्हा हेडफोन कानावर नको. एकोचा हा लूप हाताबाहेर गेला की आवाज क्षणात भडकतो.