रायफलसाठी .२२३चं काडतूस घ्यावं की .२२-२५०चं? आणि चेंबरची नेक किती ठेवावी?

मायक्रोमीटर_इंदूर

नमस्कार मंडळी. माझा भाचा साउथ डकोटात नोकरीला आहे. तिथल्या एका रँचवाल्यानं त्याला आपल्या कुरणात प्रेअरी डॉग मारायची परवानगी दिलीय. खारीच्या कुळातला हा प्राणी कुरणभर बिळं करतो, गुरांचं गवत खातो, म्हणून तिकडे तो उपद्रवी गणला जातो. आपल्याकडे माळव्यात रोजडे (नीलगायी) अख्खा हरभरा चरून गेले तरी १९७२चा वन्यजीव कायदा आहे, तेव्हा प्रश्न पूर्णपणे तिकडचाच समजावा.

रेमिंग्टन ७०० रायफलच्या ॲक्शनवर (बोल्टच्या यंत्रणेवर) तो २६ इंची जाड बॅरल बसवून घेतोय. गनस्मिथनं त्याला विचारलंय, काडतूस कोणतं आणि नेक, म्हणजे चेंबरमध्ये काडतुसाचं अरुंद तोंड बसतं ती जागा, किती? भाच्यानं ते माझ्याकडे ढकललं, कारण मी पीथमपूरच्या टूलरूममध्ये उभा जन्म काढला. रीमर, बोअर, रनआउट हे सगळं ओळखीचं. रायफलच्या चेंबरशी मात्र कधी संबंध आला नाही, म्हणून इथे विचारतोय.

काडतुसाबद्दल माझं मत जवळपास झालंय. ५५ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) वजनाची फॅक्टरी गोळी .२२३मधून सेकंदाला ३२४० फूट जाते, .२२-२५०मधून ३६८०. भाचा या वेगावर भाळलाय. पण तिथे एकेका दिवसात शेकडो गोळ्या झडतात म्हणे. .२२३ला दारू २५ ग्रेनच्या आसपास, .२२-२५०ला ३५च्या, आणि बोअर दोन्हींचा एकच. तेवढ्याच भोकातून इतका जास्तीचा जाळ गेला तर थ्रोट, म्हणजे चेंबरच्या लगेच पुढचा बॅरलचा भाग, लवकर जळणारच.

अडलंय ते नेकवर. गनस्मिथकडे .२२३चे दोन रीमर (चेंबर कापायची हत्यारं) आहेत, एक .२५० इंच नेकचा, एक .२५५चा. तो म्हणतो .२५० घे, नेम चांगला लागेल. मी भाच्याला बॉल-ॲन्व्हिलचा (गोल टोकाचा) मायक्रोमीटर घ्यायला लावला आणि फोटो मागवले. एका पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) नेकची भिंत एका बाजूला .०१२१ भरली, बरोबर समोर .०१२९. मध्ये .२२४ची गोळी. बेरीज होते .२४९. म्हणजे .२५०च्या नेकमध्ये एकूण एक थाउ (इंचाचा हजारावा भाग) जागा, बाजूला अर्धा थाउ. डॉवेल पिन बसवायची असती तर मी म्हटलं असतं, छान. पण इथे आत दारू पेटणार आहे. इतकी कमी जागा चालते का?

महूचा_आर्मरर

नाही चालत साहेब. शंका बरोबर आहे तुमची.

दारू पेटली की नेक बाहेरच्या बाजूला फुगते आणि गोळीवरची पकड सोडते. फुगायला जागाच नसेल तर पकड सुटत नाही आणि दाब एकदम चढतो. अर्ध्या थाउची जागा खायला वेळ लागत नाही. चेंबरच्या नेकमध्ये काजळीचं कडं धरलं, नाहीतर पुढच्या लॉटच्या पुंगळ्या जरा जाड निघाल्या, की संपलं.

दुसरं, फॅक्टरीचं .२२३ काडतूस मानकाप्रमाणे नेकवर .२५३ पर्यंत असू शकतं. असलं काडतूस .२५०च्या चेंबरमध्ये जाताना अडेल, आणि एखादा पठ्ठ्या बोल्टवर जोर देऊन ते बसवेल. म्हणून टाइट नेक असेल तर आकडा बॅरलवर ठोकलेला हवाच. भाच्याला माहीत असेल हो, पण उद्या ती रायफल ज्याच्या हातात जाईल त्याला कोण सांगणार? मी लष्कराच्या ईएमईत (दुरुस्ती विभागात) आर्मरर होतो. हत्यार कायम दुसऱ्याच्या हातात जाणार असं धरूनच आम्ही काम केलं.

टाइट नेक आली बेंचरेस्टमधून, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून नेम मारायच्या स्पर्धांमधून. पाल्मिसानो आणि पिंडेल यांनी १९७५मध्ये ६ पीपीसी हे काडतूस काढलं, त्या मंडळींची ही पद्धत. मोजक्या पुंगळ्या घ्यायच्या, प्रत्येकीची नेक कातून भिंत सारखी करायची आणि त्याच परत परत भरायच्या. त्यांना ते शोभतं. प्रेअरी डॉगसाठी हजारभर पुंगळ्या कातत कोण बसणार?

ग्वाल्हेरकर_वायोमिंग

काका, मी दोन्ही वापरतो. .२२-२५०ला नावं ठेवू नका. .२५० सॅव्हेज या काडतुसाची नेक आवळून हौशी लोकांनी ते कधीच केलं होतं, रेमिंग्टननं १९६५मध्ये फॅक्टरीत आणलं. तीनशे यार्डांच्या पुढे वारा सुटला की त्याचीच आठवण येते. पण दहा-पंधरा गोळ्यांत बॅरल असं तापतं की स्कोपमधून समोरचं नुसतं थरथरताना दिसतं, मग थांबा. .२२३ला झटका इतका कमी की गोळी लागताना स्कोपमध्ये आपल्यालाच दिसते. चुकली तर डावीकडे गेली की उजवीकडे, तेही कळतं आणि पुढची लगेच सुधारता येते. एकच रायफल करायची असेल तर .२२३च. बॅरलच्या आतला पीळ गोळीच्या वजनावर ठरवायला सांगा. ४० ते ५५ ग्रेनला १२ इंचात एक पुरतो, ७७ ग्रेनचं मनात असेल तर ८ इंचात एक लागेल.

नेकचं म्हणाल तर .२५५ घेऊन मोकळे व्हा. दुकानातला कुठलाही डबा उचलला तरी चालतो.

मायक्रोमीटर_इंदूर

दोघांचेही आभार. काडतूस ठरलं, .२२३. भाचा थोडा खट्टू झाला, पण स्कोपमध्ये गोळी लागताना दिसते हे ऐकून त्याची कळी खुलली.

.२५५वर मात्र मन बसत नाही. .२४९ची नेक फुगून .२५५ला टेकणार, थाउभर परत येणार, म्हणजे .२५४. मग डाय (पुंगळी परत मापात आणायचा साचा) तिला आवळून .२४७वर आणणार, कारण गोळीला दोन थाउ पकड हवी. दर फेरीला सात थाउ आत-बाहेर. पितळ कडक होऊन नेक चिरणार. भाचा पुंगळ्या स्वतः भरणार आहे, फॅक्टरीची काडतुसं घ्यायचा त्याचा विचारही नाही.

भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही. म्हणून असं सुचतंय: .२५०च्या रीमरनं चेंबर कापायचं आणि बॅरल लेथवरून न उतरवता नुसत्या नेकच्या रीमरनं नेक .२५३ करायची. जागा चार थाउ. पितळाची हालचाल सातऐवजी पाच थाउ. पुंगळ्या कातायची गरज नाही. सुभेदारसाहेब, यात काही खटकतंय का?

महूचा_आर्मरर

नाही. चांगला तोडगा आहे. पण आकडा एका पुंगळीवरून ठरवू नका. त्याच लॉटच्या वीसेक मोजायला लावा. दारू आणि प्रायमर न घालता, नुसती गोळी बसवून दोन-तीन डमी करायच्या, नेक बाहेरून मोजायची आणि त्या डमी गनस्मिथकडे द्यायच्या. सगळ्यात जाड निघेल तिच्यावरून हिशोब. बॅरलवर ‘.२२३ रेम, नेक .२५३’ ठोकून घ्या. पुंगळीची लांबी १.७६० इंचाच्या वर जाऊ द्यायची नाही, नाहीतर तोंड थ्रोटमध्ये अडकून तोच दाबाचा प्रकार होतो.

रायफल हातात आली की पहिल्या झाडलेल्या पुंगळीच्या तोंडात, डायमध्ये घालायच्या आधी, बोटांनी नवी गोळी सोडून बघायला सांगा. सरळ आत पडली तर जागा आहे. अडली तर पुढची गोळी झाडू नये, बॅरल परत गनस्मिथकडे.